हाडं बघणारा कॅमेरा

माणसाच्या अंगावर मांस असतं, कपडे असतात आणि सगळ्यात वर एक चेहरा असतो, ही गोष्ट आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांना कधी मान्यच नव्हती. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे सांध्यांचे ठिपके आणि ते जोडणाऱ्या रेघा. बदलापूरच्या आमच्या सोसायटीची मी सेक्रेटरी. मला प्रत्येक बिऱ्हाड तोंडपाठ. सरांना शेजाऱ्यांची नावं येत नसत. "ते हो, डावा गुडघा उशिरा उचलणारे," असं ते म्हणत, आणि कोण ते मला लगेच कळे. एका लग्नात ते नवरीकडे टक लावून बघताना सापडले. "मी कोपर बघत होतो," हे त्यांचं उत्तर नवरीच्या मामांना पटलं नाही.

सर अंबरनाथच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवत. हा सगळा खटाटोप मात्र त्यांच्या आईसाठी होता. ती जवळच्या चामटोली गावात एकटी राहायची, फ्लॅटमध्ये यायला तयार नव्हती. पडली तर कळावं म्हणून कॅमेऱ्याचं नाव काढलं, तर कडाडली, "लुगडं नेसताना बघशील काय रं मला?" तेव्हा सरांनी हा हाडांचा मार्ग काढला. चेहरा, कपडे काही दिसणार नाही, नुसते हलते ठिपके. त्यांवरून न्यूरल नेटवर्क, म्हणजे नमुने बघून शिकणारं यंत्र, ओळखणार की बाई चालतेय, बसलीय की पडलीय. पडली तर सरांचा फोन वाजणार. "आई, फक्त हाडं दिसतील." "हाडं मेल्यावर बघ," असं म्हणून तिने खिळा ठोकू दिला. कॅमेरा उल्हासनगरहून आणला. सिंधी दुकानदाराने विचारलं, "साईं, चोर पकडना है क्या?" सर म्हणाले, "नहीं, माँ को."

यंत्राला शिकवायला नमुने हवेत म्हटल्यावर मी रविवारी सोसायटीला गच्चीवर उभं केलं. झाडणारे, चालणारे, वाकणारे असे गट पाडले. पडायला कोणी पुढे येईना, म्हणून गादीवर मीच पडले. "ताई, पडायच्या आधी पदर सावरू नका," सर कळवळून म्हणाले, "ते तसंच शिकेल हो!"

बाकीचे नमुने त्यांनी परदेशातून आणलेले, सगळे खुर्चीवर बसणाऱ्या माणसांचे. त्यामुळे आई विळीवर बसली की यंत्र म्हणे, पडली. सर वर्ग सोडून रिक्षाने चामटोलीला. "कांदा चिरतेय रं, मेल्या," आई म्हणे. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला बसली, पुन्हा रिक्षा. शेवटी पुन्हा गच्ची. आम्ही सगळे जमिनीवर बसलो: मांडी घालून, पाय पसरून, भिंतीला टेकून. यंत्र शहाणं झालं. जमिनीवरची बाई म्हणजे बसलेली बाई, हे त्याला पक्कं कळलं. फोन थांबला.

एका संध्याकाळी जिन्यात सर भेटले, खुशीत होते. "ताई, आज एकदाही खोटी धाव नाही. दिवसभर आई निवांत बसलीय." मीही म्हटलं, छान झालं. त्याच सुमारास चामटोलीच्या शेजारणीने अंधार बघून आत डोकावलं. सकाळी आईचा पाय वळला होता. भिंतीला धरत ती हळूहळू खाली घसरली होती, खुब्याचं हाड मोडून तशीच भिंतीला टेकून होती. सरांच्या फोनवर सकाळपासून एकच शब्द होता, 'बसल्या'.

दवाखान्यात सर फोनवरचा तो शब्द पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. आईच मला म्हणाली, "त्याच्या मशिनीला नावं ठेवू नका गं. बसलेच होते की मी."

आता कॅमेरा काढलाय. सरांनी बिनपगारी रजा घेतली आहे आणि ते चामटोलीला तिच्या खाटेसमोर बसून असतात. परवा मी डबा घेऊन गेले, तर त्यांना माझ्या चालण्यात काही दिसलं नाही. नुसतं "या ताई" म्हणाले. म्हातारी कुरकुरली, "याला कामावर धाड गं. असा बघत बसला की मला उठायला लाज वाटते."

सर हसले. मीही डबा उघडायला वळले. ती आता उठणार नव्हती, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.