लायसन माझं, चावी त्याची

पहिली मोटारसायकल घेतली त्याच संध्याकाळी भावानं माझ्या कानाखाली अशी वाजवली की दोन दिवस त्या कानानं नीट ऐकू येत नव्हतं. मी त्याच्या मनगटाला चावले, आणि रक्त निघेपर्यंत सोडलं नाही. आई आमच्या मधे पडली, तर तिलाही लागलं.

मी तेव्हा अठराची, डोंगरकडा गावाहून कळमनुरीला कॉलेजला जाणारी. भाऊ दोन वर्षांनी मोठा. हिंगोलीच्या शोरूममधला माणूस मला गुलाबी स्कूटीपुढून हलू देईना. आमच्या शेताच्या वाटेवर तिची लहान चाकं चिखलात रुततात, हे त्याला काय माहीत. भाऊ तोवर एका धिप्पाड गाडीवर जाऊन बसला होता आणि उतरायचं नाव घेत नव्हता. मी सगळ्यात लहान इंजिनाची, काळी, साधी मोटारसायकल निवडली. बसल्यावर माझे दोन्ही पाय जमिनीला टेकत होते, एवढंच मी पाहिलं. तिला पेट्रोल कमी लागतं म्हटल्यावर वडीलही हो म्हणाले.

विम्याचे कागद भरताना टेबलामागच्या माणसानं विचारलं, लायसन कुणाकडे आहे? आमच्याकडे घरात एकाचं लायसन असलं की त्यावर सगळं घर गाडी चालवतं. भावानं ते कधी काढलंच नव्हतं. पोरीबाळींसोबत रांगेत उभं राहून परीक्षा द्यायला त्याला कमीपणा वाटायचा. माझ्याकडे होतं. म्हणून गाडी माझ्या नावावर झाली आणि विमाही. कागदावर स्वतःचं नाव पाहून मला माज चढला, आणि तो मी लपवलाही नाही. सगळ्यांदेखत भावाला म्हणाले, मागं बस. घरी पोचल्यावर कानाखाली बसली ती त्यासाठी.

महिन्याभरानं, बाजाराच्या दिवशी, त्यानं माझा हात पिरगाळून चावी काढून घेतली. तासाभरात निरोप आला. सायकल हातात धरून चाललेल्या एका म्हाताऱ्याला त्यानं उडवलं होतं. मी पोचले तेव्हा लोक भावाला चपलांनी, काठ्यांनी बडवत होते. एकानं गाडीचा दिवा दगडानं फोडला. दुसरा पेट्रोलची नळी उपसून काडेपेटी मागत होता. भावाच्या तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती. खरं सांगते, मला आधी बरं वाटलं. मग मी ओरडत मधे घुसले आणि दोन फटके मलाही बसले.

म्हाताऱ्याच्या मांडीचं हाड मोडलं होतं. त्याला हिंगोलीच्या दवाखान्यात नेलं, तिथं वडिलांनी मला कोपऱ्यात ओढलं. विमा काढून देणाऱ्यानं त्यांना फोनवर बजावलं होतं की बिनलायसनवाला चालवत होता असं लिहिलं गेलं, तर कंपनी हात वर करते.

"गाडी तू चालवून राहिली होती, असं सांग," वडील म्हणाले. "बाजारातल्या लोकांचं मी पाहून घेतो."

भाऊ सुजलेल्या ओठांनी म्हणाला, "तुझ्या पाया पडतो." जन्मात पहिल्यांदा तो माझ्यापुढं वाकला होता, आणि मला ते गोड लागलं. म्हाताऱ्याच्या खाटेपाशी पोलीस जमादार वही उघडून उभे होते. मी सरळ त्यांच्याकडे गेले.

"यानं चालवली. माझा हात पिरगाळून चावी नेली."

वडिलांनी तिथंच मला हाणलं. डोकं खाटेच्या लोखंडी दांडीवर आपटून भुवई फुटली. जमादारांनी त्यांना ढकलत बाहेर नेलं. मला वाटलं, निदान म्हाताऱ्याची बायको तरी आता माझ्या बाजूनं बोलेल. पायथ्याशी बसून तिनं सगळं ऐकलं होतं. ती उठली, पदरानं माझं रक्त टिपायला लागली आणि हळूच विचारलं, आता विम्याचे पैसे मिळतील का?

मी म्हणाले, बहुतेक नाही.

तिचा हात थांबला.

"मंग खरं काहून बोलली, बाई?" ती म्हणाली. "आमाला कोण हाय?"

मला भावाला अद्दल घडवायची होती. तिचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता.