ब्लास अरोंदोचे वर केलेले हात

वाल्देआर्गात कोणाच्या घरी आज काय शिजतंय हे ज्याला कळत नाही, त्याचं नाक तरी चोंदलेलं असेल, नाहीतर तो कालच राहायला आला असेल. त्यामुळे ब्लास अरोंदोबद्दल सगळं गावाला पाठ आहे यात नवल नाही. त्याच्या कुठल्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली, कुठल्या बेटावरच्या मुलीने लग्नाला हो म्हणून आठ दिवसांत नाही म्हटलं, पहिल्या दर्जाच्या फुटबॉलमध्ये तो एकूण किती मिनिटं खेळला (बावीस, आणि त्यातली चार जादा वेळेतली), सगळं पाठ. नवल याचं, की एवढं पाठ असलेल्या गावाने त्याला बारा वर्षं एक कप कॉफी दिली नाही.

ब्लासची आई प्रेसेन मिरच्यांच्या कारखान्यात कामाला. भाजलेल्या लाल मिरच्या सरकत्या पट्ट्यावरून गडगडत यायच्या, आणि सडकी मिरची समोर येण्याआधीच ती कुठे थांबणार हे ओळखून तिथे बोटं तयार ठेवायची, हे तिचं काम. लहानपणी सुट्टीत ब्लास तिच्या शेजारी स्टुलावर बसून ते बघायचा. पुढे त्याचे प्रशिक्षक म्हणायचे की हा पोरगा चेंडूमागे धावतच नाही, चेंडू जिथे पडणार तिथे आधीच जाऊन उभा असतो. ही विद्या त्याला कुठल्या अकादमीत मिळाली, असं एका वार्ताहराने विचारलं होतं. ब्लास म्हणाला, मिरच्यांमध्ये. त्या माणसाने ते छापलं नाही. त्याला वाटलं, चेष्टा करतोय.

सतराव्या वर्षी मोठ्या शहरातल्या संघाने त्याला नेलं, आणि मग सुरू झाली वरात. एका संघाने दुसऱ्याला वर्षभरासाठी उसना दिला, दुसऱ्याने तिसऱ्याला. उत्तरेत पावसात खेळला, दक्षिणेत असल्या उन्हात खेळला की बुटांचे तळवे सुटायचे. मोठा खेळाडू झाला नाही, पण वाईटही नव्हता. ज्या संघाला वर्षाला दहाबारा गोल हवे असायचे त्याने ब्लासला बोलवावं, दहाबारा गोल घ्यावे, आणि जूनमध्ये त्याची बॅग दाराशी ठेवावी. ब्लासने त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. तो म्हणायचा, सुताराला कोणी विचारतं का, की एकाच घरी का नाही राहिलास?

चोविसाव्या वर्षी गुडघा बरा होत असताना तो खेळायला आला तोरेकोर्ताकडून. तोरेकोर्ता म्हणजे नदीपलीकडचं गाव. त्यांच्याबद्दल जास्त काही बोलायला नको, त्यांचे टोमॅटो काय ते सांगतातच. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तोरेकोर्ता आमच्या मैदानावर आलं. त्यांना ना चढायचं होतं ना उतरायचं. आम्हाला नुसती बरोबरी हवी होती, नाहीतर खालच्या गटात जायचं. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला चेंडू उंच आला आणि जिथे पडणार होता तिथे अर्थातच ब्लास उभा होता. डोक्याने मारला. आत.

आता रीत अशी आहे, आणि ती दूधपित्या पोरालाही ठाऊक असते, की जुन्या संघावर गोल केला तर आनंद करायचा नाही. दोन्ही तळवे वर करायचे, माफ करा म्हणायचं, मान खाली घालून मागे फिरायचं. आणि आपल्या गावावर केला, तर घरात कोणी गेल्यासारखं तोंड करायचं. ब्लासने काय केलं? हात पसरून कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावत सुटला, ओरडत, हसत.

तिथे प्रेसेन उभी होती. ती स्टँडमध्ये कधी बसत नाही, कोपऱ्यातल्या कठड्याशी उभी राहते, आणि चेंडू मुलाच्या जवळ आला की पाठ फिरवते. तिला बघवत नाही. सात वर्षांत तिने त्याचा एकही गोल पाहिला नव्हता. त्या दिवशी वळायला विसरली. ब्लासने मान वर केली तर आई बघतेय. तो धावला तो तिच्याकडे. पण गावाला आई कुठली दिसायला? गावाला दिसला आमचाच पोरगा, नदीपलीकडचा शर्ट घातलेला, आमच्या तेराव्याला नाचणारा.

खाली गेलेला संघ वर यायला नऊ वर्षं लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लास गोयोकाकाकडे गेला. गोयोकाका म्हणजे स्टँडखालच्या कँटीनचा मालक, आणि सामन्याच्या दिवशी दंडाला पट्टी बांधून क्लबचा मैदान-प्रतिनिधी. कोणाला काय हवं हे तो कधी विचारत नाही. माणूस दारात दिसला की त्याचा पेला तयार. कोणाला दूध जास्त, कोणाला पेला गरम, पाद्रीबुवांना कॉफीत थेंबभर ब्रँडी, सगळं डोक्यात. ब्लासपुढे तो कायम कोको घातलेलं गरम दूध ठेवायचा, कारण लहानपणी शनिवारच्या सरावानंतर ब्लास तेच प्यायचा, आणि पोरगा मोठा झाला हे गोयोकाकाने मनावर घेतलं नव्हतं. त्या सकाळी पहिल्यांदाच ब्लास म्हणाला, "काका, आज कॉफी द्या."

गोयोकाकाने फडक्याने काउंटर पुसला. मग पुसलेलाच पुन्हा पुसला.

"मशीन बिघडलंय," तो म्हणाला. मागे मशीन फुसफुसत होतं आणि शेजारी पाद्रीबुवा आपली कॉफी ढवळत होते.

तेव्हापासून ते मशीन बरोबर तेवढ्याच वेळा बिघडलं जेवढ्या वेळा ब्लास गावी आला. नाताळात बिघडलं, ऑगस्टच्या जत्रेत बिघडलं, प्रेसेनच्या साठाव्या वाढदिवसाला बिघडलं. ब्लास दर वेळी जायचा, दर वेळी मागायचा, आणि ठीक आहे काका म्हणून परत यायचा. प्रेसेन त्याला म्हणाली, कशाला जातोस, घरी कॉफी नाही का? तो म्हणाला, कॉफीसाठी जात नाही.

आणि त्याने आनंद करणं सोडलं. पुढच्या बारा वर्षांत त्याने शे-सव्वाशे गोल केले आणि प्रत्येक गोलानंतर दोन्ही तळवे वर. जुन्या संघांपुढे ठीक, पण हा सगळ्यांपुढेच माफी मागायला लागला. ज्यांच्या गावाचं नाव त्याने बसमधून उतरताना पहिल्यांदा वाचलं, त्यांच्यापुढेही. एका कर्णधाराने वैतागून विचारलं, बाबा रे, यांच्याकडून तू कधी खेळलास? ब्लास म्हणाला, पुढेमागे खेळावं लागलं तर?

छत्तिसाव्या वर्षी त्याची बॅग चौदाव्या दाराशी ठेवली गेली आणि तो घरी आला. आमच्या संघाचा प्रशिक्षक सातुर हा शाळामास्तर, बाहेरून आलेला. त्याला मागचं पुढचं काही माहीत नव्हतं. त्याने ब्लासला नऊ नंबरचा शर्ट दिला. बैठकीत चार म्हाताऱ्यांनी खाकरून पाहिलं, पण गोल कोण मारणार याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. हंगामभरात ब्लासने अकरा गोल केले. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण पास कोणी दिला त्याच्याकडे बघून. रुसण्याचं एखादं पदक असतं तर दरवर्षी नदीच्या याच काठाला आलं असतं.

आणि पुन्हा मेचा शेवटचा रविवार आला. समोर मोंतेलुस. यांच्याकडून ब्लास कधीच खेळला नव्हता, तेवढंच राहून गेलं होतं. जिंकलो तर गटात राहू, नाहीतर पुन्हा खाली, आणि या वेळी वर यायला नऊ वर्षं थांबायला अर्धं स्टँड शिल्लक राहणार नव्हतं. डोंगराकडून कोरडा थंड वारा सुटला होता. मध्यंतरात नेहमीप्रमाणे डुकराच्या अख्ख्या मांडीची सोडत झाली आणि ती लागली मोंतेलुसच्या गोलकीपरच्या बायकोला. लोक म्हणाले, संपलं.

चौऱ्याऐंशीव्या मिनिटाला डावीकडून चेंडू आला, वाऱ्याने वळला, सगळ्यांना चकवून भलतीकडेच उतरायला लागला. तिथे ब्लास उभा होता. छातीवर घेतला, टप्पा पडू दिला, मारला. जाळीत.

स्टँड उठलं. आणि ब्लासने, बारा वर्षांच्या सवयीने, दोन्ही तळवे वर केले.

मोंतेलुसच्या कर्णधाराला एवढं पुरे होतं. तो धावत रेफरीबाईंकडे गेला. बघा बाई, हाताला लागला, तो स्वतः कबूल करतोय, हात वर करून सांगतोय. बाकीचे दहाही ओरडायला लागले. रेफरीबाई राजधानीहून पहिल्यांदाच आलेल्या, ब्लास कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. लाइनवरच्या माणसाच्या डोळ्यांत वाऱ्याने धूळ गेली होती. त्यांनी ब्लासला बोलावलं.

"चेंडू हाताला लागला?"

"नाही बाई. छातीला."

"मग हात कशासाठी वर केलेत?"

ब्लास आता काय सांगणार? बावीस मिनिटं पहिल्या दर्जात खेळलेला माणूस, कुठल्याही बचावपटूच्या डोळ्याला डोळा भिडवणारा, आणि त्याला चार शब्द सापडेनात. एवढ्या लोकांसमोर कोणाची माफी, कशाची माफी हे सांगायचं म्हणजे त्यांनी ती दिलेली नाही हेही सांगायचं.

"बघा," मोंतेलुसचा कर्णधार म्हणाला, "उत्तर नाही."

रेफरीबाईंचा हात शिट्टीकडे गेला. तेवढ्यात रेषेच्या आत एक माणूस चालत येताना दिसला. दंडाला पट्टी, खांद्यावर काउंटर पुसायचं फडकं. गोयोकाका. बोलावल्याशिवाय प्रतिनिधीने आत पाऊल टाकायचं नाही, हा नियम तो गेली तीस वर्षं दुसऱ्या संघांच्या प्रतिनिधींना सुनावत आला होता.

"बाई, तो माफी मागतोय," गोयोकाका म्हणाला.

"कोणाची?"

"आमची."

"का? गोल तर तुमच्यासाठी केलाय."

"आजच्या गोलाची नाही." गोयोकाकाने फडकं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. "बारा वर्षांपूर्वी त्याने इथे आमच्यावर गोल केला आणि त्या कोपऱ्यात आईकडे धावला. एवढंच केलं होतं त्याने. आम्ही अजून त्याला कॉफी दिलेली नाही."

"बारा वर्षं?"

"मशीन बिघडलंय," गोयोकाका सवयीने म्हणून गेला, आणि म्हातारा कानापर्यंत लाल झाला.

रेफरीबाईंनी शिट्टी खाली घेतली. मग म्हणाल्या, "मी छातीलाच लागलेला पाहिला होता. हात बघून शंका आली." आणि मधल्या वर्तुळाकडे बोट केलं. गोल. लगेच खिशातून लाल कार्ड काढून त्यांनी गोयोकाकासमोर धरलं, न विचारता आत आल्याबद्दल. गोयोकाका बाहेर गेला तो असा, की जणू ते कार्ड कारखान्याच्या मालकाने शाल-श्रीफळासारखं दिलंय. आमच्या मैदानावर त्या वर्षी सर्वांत मोठ्या टाळ्या त्याला पडल्या.

ब्लास तिथेच उभा होता. हात अजून अर्धवट वर.

"आता हात खाली घ्या," रेफरीबाई म्हणाल्या, "आणि काय करायचंय ते लवकर करा. सहा मिनिटं उरलीत."

मग तो धावला. चोविसाव्या वर्षी धावला होता तसा नाही. डावा गुडघा जरा बाहेर टाकत, पण थेट त्याच कोपऱ्याकडे. प्रेसेन कठड्याशी उभी होती, मैदानामागच्या कारखान्याच्या भिंतीकडे तोंड करून. त्या जुन्या रविवारानंतर ती एकदाही वळायला विसरली नव्हती.

"आई, वळ."

"गोल आहे की नाही ते आधी ठरवा, मग वळते."

"ठरलं."

ती वळली. मुलाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मोजा घसरलाय." मग कठड्यावरून वाकून तिने त्याचं डोकं छातीशी धरलं, आणि या वेळी सगळ्या स्टँडला आई नीट दिसली. कोणीतरी त्याचं नाव घेतलं, मग दुसऱ्याने, मग सगळ्यांनी. मोंतेलुसच्या गोलकीपरच्या बायकोने मांडी शेजारणीकडे सांभाळायला देऊन टाळ्या वाजवल्या.

उरलेली सहा मिनिटं आम्ही कशी काढली ते विचारू नका. काढली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लास कँटीनमध्ये गेला. सोमवार असूनही आत उभं राहायला जागा नव्हती. सगळ्यांना एकाच वेळी कॉफीची तहान लागली होती. ब्लास काउंटरशी आला आणि म्हणाला, "काका, एक कॉफी."

गोयोकाकाने काउंटर पुसला. मागे मशीन फुसफुसत होतं.

"मशीन बिघडलंय," तो म्हणाला.

पाद्रीबुवांचा चमचा पेल्यात तसाच राहिला. ब्लासने मान हलवली, ठीक आहे काका म्हणाला आणि वळला.

"थांब की," गोयोकाका म्हणाला. "मी काही नाही म्हटलंय का?"

त्याने खालून एक जुना पेला काढला, कडेला टवका गेलेला, आणि ब्लाससमोर ठेवला. कोको घातलेलं गरम दूध, वर सायीसकट. छत्तीस वर्षांचा, चौदा संघ फिरलेला, गेली वीस वर्षं बिनदुधाची कॉफी पिणारा माणूस त्या पेल्याकडे बघत राहिला. मग त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

"गोड झालंय," तो म्हणाला.

"तुला तसंच लागतं," गोयोकाका म्हणाला, आणि पाद्रीबुवांच्या पेल्याकडे वळला.