एसीशिवाय गार राहणारी घरं

घर बांधून झालं की मागं थोडी वाळू, फरशीचे तुकडे आणि किस्से उरतात. वाळू कुणीतरी उचलून नेतं. किस्से मात्र आमच्याकडंच साचतात.

मी आणि शिवराज, दोघं आर्किटेक्ट. पुण्यात एकत्र शिकलो, धाराशिवला येऊन ऑफिस थाटलं. ठरवलं होतं, इथल्या उन्हात एसीशिवाय गार राहणारी घरं बांधायची. लोक ऐकायचे, माना डोलवायचे, चहा प्यायचे. पुढचं ऐका!

*

ऑफिस म्हणजे भाड्याचा गाळा. पश्चिमेला काच, डोक्यावर स्लॅब. एप्रिलात आत बसवेना, म्हणून नाइलाजानं एसी लावला. त्याच गारव्यात शिवराज एका डॉक्टरांना समजावत होता, "खिडक्या समोरासमोर घेतल्या की वारा खेळतो. एसी लागतच नाही!"

डॉक्टरांनी वर बघितलं. "मग हा बंद करून सांगा की!"

बंद केला. जरा वेळानं डॉक्टर घाम पुसत उठले. "विचार करून कळवतो."

अजून करतायत.

*

तेरच्या एका गुरुजींना मातीच्या विटांचं घर पटलं. त्यांच्याच रानातली माती, यंत्रात दाबून केलेल्या विटा, वर प्लास्टर नाही. भिंत अशी देखणी झाली की शिवराज उगाच तिच्यावरून हात फिरवायचा.

वास्तुशांतीला गेलो तर भिंत गायब! सगळीकडं सिमेंटचं प्लास्टर. गुरुजी खजील झाले. "काय करू मॅडम, येणारा-जाणारा विचारायचा, गुरुजी, घर पुरं कधी करणार?"

त्या प्लास्टरवर टाइल्स बसवल्या होत्या. टाइल्सवर विटांचं चित्र!

*

एकाला सोलर बसवून दिलं. त्यानं खिडक्या कायमच्या बंद केल्या आणि खोलीखोलीत एसी लावले. "वीज फुकट हाय की मॅडम!"

*

परंड्याच्या एका शेठना जाड दगडी भिंती आणि वर कौलं सुचवली. ते हसले. "आमचा म्हशीचा गोठा असाच हाय. लई गार ऱ्हातो. म्हून काय माणसानं गोठ्यात ऱ्हायचं व्हय?"

त्यांनी दुसऱ्याकडून स्लॅबचं दुमजली घर बांधून घेतलं. मे महिन्यात आम्ही दोघं त्याच रस्त्यानं चाललो होतो, म्हणून भर दुपारी डोकावलो. घराला कुलूप! शेजाऱ्यानं मागं बोट दाखवलं. अख्खं कुटुंब गोठ्यात चटया टाकून पडलं होतं.

शेठ आळस देत उठले. "या की मॅडम, बसा! म्हैस काय करत न्हाय."

*

एका जोडप्याच्या प्लॉटवर पश्चिमेला भलंमोठं कडुलिंबाचं झाड होतं. शिवराजनं त्या झाडाभोवतीच नकाशा काढला. झोपायच्या खोल्या त्याच्या सावलीत, अंगण त्याच्या खाली. नवरा-बायको दोघंही खूश.

पाया आखायला गेलो तर झाड नाही. नुसता खड्डा! मालक उत्साहात सांगत होते, "जमीन सपाट करायला जेसीबी आलाच हुता सर. म्हणलं, ह्येबी उरकून टाकावं."

शिवराज खड्ड्याच्या काठावर बसून राहिला. मालकीणबाईंना वाईट वाटलं. हळूच म्हणाल्या, "सर, नाराज नका होऊ. नकाशातलं झाड तसंच ठिवा. लई छान दिसतंय."

त्या वर्षी शिवराजनं ऑफिस सोडलं. आता तो शॉपिंग कॉम्प्लेक्सचे काचेचे दर्शनी भाग डिझाइन करतो. फोन केला की म्हणतो, "इथं आधी कुणी झाड दाखवत नाही. बरं आहे."

*

माझ्या नकाशाबरहुकूम बांधलेलं घर एकच. तुळजापूरच्या एका निवृत्त क्लार्क काकांचं आणि काकूंचं. काकांना उन्हाळा सोसायचा नाही. मध्ये पोकळी ठेवलेल्या दुहेरी भिंती, समोरासमोर खिडक्या, छतावर पांढरा चुना. बांधकामाला काका रोज हजर! पहिल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला, "मॅडम, दुपारी पंखासुद्धा लावला नाही!"

हिवाळ्यात काका गेले.

गेल्या मे महिन्यात एका नव्या क्लायंटला ते घर दाखवायला नेलं. काकू गेटजवळ स्कूटरसाठी टाकलेल्या पत्र्याखाली खुर्ची घेऊन बसल्या होत्या. पत्रा तापून नुसता कडकडत होता. त्यांचं पोलकं घामानं भिजलेलं.

क्लायंट आत शिरला आणि तिथूनच ओरडला, "अरे वा! खरंच गार आहे हो!"

मी म्हणाले, "काकू, आत चला ना. किती तापलंय इथं!"

काकूंनी पदरानं मान पुसली.

"नको गं. हे गेल्यापासून आत फार गार लागतं."