घरी बरी राहते ती पोरगी

"तुला गहू चालत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

वापीच्या दवाखान्यात मी आणि बाबा त्यांच्यासमोर बसलो होतो. मला वाटलं, आता पुढे काहीतरी मोठं सांगतील, ऑपरेशन वगैरे. पण त्या म्हणाल्या, "चपाती, पाव, बिस्किट, रवा, शेवया, सगळं बंद. आयुष्यभर. याला गोळी नाही, बेटा. पथ्य हेच औषध."

या आजाराला सिलिॲक डिसीज म्हणतात. गव्हात ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. माझ्यासारख्यांचं शरीर त्याला शत्रू समजतं आणि त्याच्याशी भांडता भांडता स्वतःच्याच आतड्याचं अस्तर झिजवून टाकतं. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. पोट फुगतं, जुलाब होतात, रक्त कमी होतं.

मला रडू आलं नाही. राग आला. दीड वर्ष सगळे मला नाटकी म्हणत होते, आणि इथे एक बाई कागदावर बोट ठेवून सांगत होत्या की हे नाटक नाही.

मी तलासरी तालुक्यातल्या उधव्याची. बारावीपर्यंत घरून शिकले. घरी भात, नाहीतर तांदळाची किंवा नागलीची, म्हणजे नाचणीची भाकरी. गहू आमच्याकडे लग्नातल्या पुरीपुरता. मग डहाणूला बी.एस्सी.ला प्रवेश घेतला, मुलींच्या वसतिगृहात राहायला गेले आणि सकाळ-संध्याकाळ चपाती सुरू झाली. मला तर ती आवडायचीही. चपाती म्हणजे जरा सुधारलेलं जेवण, असं तेव्हा वाटायचं.

दिवाळीच्या आधीच पोट बिघडलं. प्रॅक्टिकल चालू असताना बेडकाचा सांगाडा टेबलावर सोडून मी बाहेर पळायचे. परत येईपर्यंत गटातल्या मुलींनी आकृती काढून संपवलेली असायची. सुट्टीत घरी गेले की हळूहळू बरी व्हायचे. वसतिगृहात परतले की पुन्हा तेच.

यावरून सगळ्यांनी एकच निष्कर्ष काढला. गृहपाल मॅडम बाबांना म्हणाल्या, "तिचं मन रमत नाही इथे. घरी नेऊन ठेवा." बाबांना ते पटलं. ते दर खेपेला गेटपाशी उभे राहून म्हणायचे, "कपडं भर, घरा चल. घरा बरी रेतेस तू."

मी कपडे भरले नाहीत. बी.ए. असतं तर बाहेरून परीक्षा दिली असती. बी.एस्सी.ची प्रॅक्टिकल्स आमच्या पाड्यावर कोण घेणार होतं? घरी गेले असते तर शिक्षण तिथेच संपलं असतं. हे मला ठाऊक होतं आणि खरं म्हणजे मॅडमनाही ठाऊक होतं.

दुसऱ्या वर्षी जिना चढताना चक्कर येऊन पडले. सरकारी दवाखान्यात भरती केलं. अंगात रक्तच नव्हतं. आमच्या भागात रक्त कमी म्हटलं की आधी सिकलसेलची तपासणी होते. तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याचा तो आजार मला नव्हता. लोहाच्या गोळ्या चालू झाल्या, तरी रक्त काही वाढेना. वाढणार कसं? दवाखान्यात सकाळी दूध-पाव मिळायचा. मावशी बघायला आली तेव्हा बिस्किटांचे पुडे घेऊन आली. बाबांनी डहाणू रोड स्टेशनजवळून खारी आणि टोस्ट आणले. आजारी माणसाला हलकं म्हणून आपण जे जे देतो ते सगळं गव्हाचं असतं. सगळ्यांनी मला मायेनेच आजारी ठेवलं.

शेवटी तिथल्याच एका तरुण डॉक्टरांनी विचारलं, "घरी काय खातेस?" मी सांगितलं. घरी गहू नसतो हे ऐकून त्यांनी वापीला पाठवलं. तिथे रक्ताची तपासणी झाली, मग एंडोस्कोपी. म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी आत घालतात आणि आतड्याचा छोटा तुकडा तपासायला काढतात. घसा दुखतो, उमासे येतात, पण सहन होतं. एक लक्षात ठेवा: शंका आली म्हणून तपासणीआधीच गहू सोडू नका. मग रिपोर्टमध्ये काही सापडत नाही.

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना बाबा खूश होते. "डाक्टरीण पण तेच सांगते का घरचा खायचा. मंग आता घरा चल."

मी तिथेच पायरीवर बसले. ज्या रिपोर्टने मला खरं ठरवलं, तोच आता मला घरी पाठवत होता.

"औषध घरी असंल तर इकडे आणा," मी म्हटलं. "मी नाय येणार."

बाबा तलासरीला एसटीतून एकटेच उतरले, मी पुढे डहाणूला गेले. पण पुढच्या आठवड्यात नागलीचं आणि तांदळाचं पीठ घेऊन आले.

मेसमध्ये वेगळा स्वयंपाक करायला परवानगी नव्हती. मॅडम म्हणाल्या, "आज तू, उद्या दुसरी." डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. "वरून आदेश येऊ दे," म्हणाल्या. आदेश येईपर्यंत मी काय खायचं, हे त्यांनी सांगितलं नाही. मी स्वतःचा तवा घेतला, मेसच्या कोपऱ्यातल्या शेगडीवर चढवला आणि भाकरी थापायला बसले. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, "सामान बाहेर काढ."

"आधी जेवते," मी म्हटलं. "मग काढा."

त्या उभ्या राहिल्या. मी सावकाश जेवले. सामान कुणी काढलं नाही.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण दोन आठवड्यांत पोट पुन्हा फुगलं. आता मॅडमकडे उत्तर तयार होतं: गहू बंद केला तरी दुखतंच, म्हणजे इथलं वातावरणच सोसत नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मलाही शंका आली. मी बॅग काढून खाटेवर ठेवली. मग ती भरण्याआधी वापीला फोन लावला.

डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला. "पीठ कुठे दळलं?"

गिरणीत. त्याच गिरणीत, जिथे आमच्या आधी कुणाचातरी गहू दळून झालेला असतो. तेवढी भुकटीही मला पुरते; घरी बहुतेक भातच असायचा, म्हणून तिथे कधी जाणवलं नव्हतं. बॅग पुन्हा खाटेखाली गेली. आईने मागच्या पडवीत पालथं पडलेलं जातं धुऊन घेतलं. आता ती माझं पीठ घरीच दळते. तिचे खांदे दुखतात, आणि ते ती मला दर फोनवर ऐकवते.

एकदा जेवताना तलासरीकडची एक मुलगी शेजारी येऊन बसली. नागलीची भाकरी बघून तिचे डोळे चमकले. तीही घरी हीच खायची, पण वसतिगृहात कुणाला सांगायची नाही. तिने हात पुढे केला. तिच्या बोटांना चपातीचा चुरा होता.

"हात धुऊन ये," मी म्हटलं. ती धुऊन आली. तेव्हापासून माझ्या तव्यापाशी येणारी प्रत्येक जण आधी नळावर जाते.

तुमच्यापैकी कुणाला असं दुखणं असेल, तर लाजू नका. जुलाब हा शब्द मोठ्याने बोला. घरी बरं वाटतं म्हणून कुणी तुम्हाला घरी बसवत असेल, तर घरात असं काय आहे ते शोधा आणि सोबत घेऊन निघा. माझं एक सेमिस्टर मागे पडलं होतं, ते भरून काढलं. वजनही वाढतंय. आईला मी आता जाडी दिसते, इतरांना अजून नाही.

शेवटच्या वर्षाच्या प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी बाबा पीठ घेऊन आले. आता ते कपडे भर म्हणत नाहीत. पिशवी माझ्या हातात देऊन जरा घुटमळले आणि म्हणाले, "सुट्टीत तरी घरा येशील ना?"

"येईन ना," मी म्हटलं. "पीठ न्यायला."