तिसऱ्या भागाचं बॅनर

त्या इंग्रजी खूनपटाचा पहिला भाग हिंदीत बोलता होऊन आला, तेव्हा कोल्हापुरानं तो डोक्यावर घेतला. दुसराही चालला. तिसरा कुणालाच आवडला नाही. नव्वदनंतरची ती वर्षं. तोंडाला पट्ट्या गुंडाळलेला खुनी या भागात मध्यंतरापर्यंत दिसतच नाही. बर्फात अडकलेल्या एका बसमध्ये माणसं नुसती बोलत बसतात. "खुनी रजेवर गेलाय काय रं?" असं मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं थिएटर हसलं, असं डोअरकीपर सांगायचा. आठवडा पुरा व्हायच्या आत खेळ उतरला.

मी त्या थिएटरचा पेंटर होतो. पिक्चर मी फारसे बघत नसे. फोटो यायचे, त्यांवर चौकोन आखायचे, तेच चौकोन कापडावर मोठे करून रंग भरायचे. थिएटरच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझं निम्मं आयुष्य गेलं.

तिसऱ्या भागाच्या फोटोंत खुनी होता, सुरा होता, बस होती. नायिकेचा एकच फोटो, तोही पाठमोरा. मालकांना किंचाळणारी बाई हवी होती. त्याच दुपारी माझी धाकटी बहीण माझा डबा घेऊन शिवाजी पेठेतून चालत आली. तिचं लग्न कोडोलीत ठरलं होतं, सुपारी फुटली होती.

मी म्हणालो, "जरा उजेडात उभी ऱ्हा. तोंड वास."

"कशाला?"

"वास की गं. अंगावर झुरळ आल्यागत."

"दादा, खुळा झालास काय? तुझ्या पिक्चरात मी?" ती हसतच सुटली. हसून झाल्यावर हातातला डबा न ठेवता तिनं तोंड वासलं. मी कोळशानं भराभर उतरवून घेतलं. जाताना तिनं कापडाकडं बघितलं आणि तिचं हसू गेलं.

"हे लई माझ्यागत झालंय. नाक तरी बदल. लोक वळखतील."

"बदलतो," मी म्हणालो.

बदललं नाही. चेहरा चांगला उतरला होता, बाकी काही कारण नाही. तोवर कितीतरी नट्या रंगवल्या होत्या, पण त्या सगळ्या फोटोवरून. जिवंत माणूस समोर उभं करून काढलेलं ते माझं पहिलंच तोंड. गळ्याला सुरा लावला, रक्त ओघळवलं. बॅनर चौकात चढलं.

कोडोलीची मंडळी बस्ता बांधायला त्याच आठवड्यात शहरात आली. कापडदुकानाची वाट चौकातूनच जाते. संध्याकाळी तिचे होणारे सासरे आमच्या घरी आले. त्यांनी चहाला हात लावला नाही. आमच्या वडिलांना, आबांना, म्हणाले, "पावणं, आमची सून गळा कापून घेत चौकात उभी हाय. हे काय सोंग?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. बहीण स्वयंपाकघराच्या दारात होती. मी म्हणालो, "मी नगोच म्हणत हुतो. तिलाच हौस. माझं काढ, माझं काढ म्हणून मागं लागली."

पोरीच्या हौसेला पाहुणे हसून सोडून देतील म्हणून तसं बोललो, असं पुढं बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो. तसं काही नव्हतं. मला आबांची भीती वाटली.

बहीण दारातूनच आत गेली. भांड्यांचा आवाज आला.

लग्न मोडलं. आबांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पुढं राधानगरीच्या पलीकडं एका बिजवराला तिला दिली. पिक्चर उतरला तरी बॅनर चौकात होतंच, कारण पुढच्या पिक्चरचे फोटो आले नव्हते. मी येताजाता ते बघायचो. काढता आलं असतं. नंतर त्यावर पांढरा हात मारला आणि दुसरं काहीतरी रंगवलं. काय ते आठवत नाही.

दोन हजारनंतर फ्लेक्स आले आणि शेड बंद झाली. एकदा फुटपाथवरच्या सीड्यांच्या ढिगात तो तिसरा भाग दिसला. घेतला आणि एसटीनं बहिणीकडं गेलो. घरची माणसं शेतात होती. बाहेर पाऊस. आम्ही दोघं बघत बसलो. मी तो पहिल्यांदाच बघत होतो. खिडकीच्या काचांवर वाफ, माणसांची कुजबुज, दिवे एकेक करून जाणं. खुनी येण्याआधीच ती माणसं एकमेकांना घाबरायला लागलेली असतात. पिक्चर वाईट नव्हता. लोक त्यात दुसरंच काही शोधायला आले होते. शेवटी नायिका बर्फातून एकटी चालत निघते.

बहीण म्हणाली, "ही मरत न्हाय की."

"न्हाय."

"मग तू कशाला मारलीस?"

"मी पिक्चर बघितलाच नव्हता तवा."

ती टीव्हीकडंच बघत होती. मी म्हणालो, "त्या दिवशी आबांच्या म्होरं मी खोटं बोललो."

"मला काय सांगतोस? मला म्हाईत हाय. ज्यास्नी म्हाईत न्हाय त्यास्नी सांग." मग उठली. "धारंची येळ झाली," म्हणत चरवी घेऊन गोठ्यात गेली.

आबा तेव्हा होते. घरी आलो तर ते ओसरीवर बसले होते. पाऊस किती आहे तिकडं, एवढं त्यांनी विचारलं. लई हाय, मी म्हणालो. नंतर ते गेले. तिच्याशी धड बोलले नाहीत ते नाहीतच.

घरात लग्नकार्य निघालं की अजून कुणीतरी म्हणतंच, आमच्या आत्याला हिरॉईन व्हायचं होतं, त्यापायी सोन्यासारखं स्थळ गेलं. नवी सून आली की तिलाही हे सांगतात. मागच्या लग्नात पंगतीत हेच झालं. बहीण समोरच जेवत होती. सगळे हसले. मीही हसलो. तिनं ताटातून मान वर केली नाही.

म्हणून आज लिहिलं. उजेडात तिला मी उभी केली. नाक बदल म्हणून तिनं सांगितलं होतं. लिहून झाल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. पण हे आता घरात सगळ्यांना वाचायला देणार आहे, सुनांना आधी. तिला हौस नव्हती.