खिडकीजवळचा खिळा

दत्ताराम गेल्याचा फोन बिरवाडीत आमच्या खोलीखालच्या किराणा दुकानात आला. दुकानदार वर सांगायला आला, तेव्हा मी दोघांचा भात टाकून बसलो होतो. तो मुंबईच्या इस्पितळात आहे हे ठाऊक असूनही... हाताची सवय. महिना होत आला, अजून भात उरतोच.

कापडे गावचा दत्ताराम आणि मी कारखान्यात एकाच पाळीला. त्याला लहानपणापासून इसब. मानेवर, कोपरांत कातडी चिरायची, खाजवून रक्त यायचं. खोलीत आला त्याच दिवशी त्याने माझा खिळा सोडून खिडकीजवळ स्वतःसाठी दुसरा ठोकला आणि टॉवेल, तांब्या, चटई असं सगळं वेगळं मांडलं. मी चिडवायचो, "तुझं हे संस्थान खालसा कधी होणार?" तो म्हणायचा, "नको रे. तुला लागलं तर तुझी आई माझ्या नावानं बोटं मोडंल." इतकी वर्षं एका खोलीत काढली, पण त्याने माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नाही.

दिवाळीनंतर त्याला ताप आला. मग ओठावर बारीक फोड उठले, तसा तो खूश झाला. आमच्याकडे याला 'जर मुतला' म्हणतात, जर म्हणजे ताप. ताप अंगातून निघाल्याची ती खूण. "आता काय नाय, बरा हाय मी," म्हणत तो कामावर निघाला. मलाही हायसं वाटलं. पण तसेच फोड मानेवरच्या इसबात उठले, मग कोपरांत, डोळ्यांपाशी. ताप परत चढला. इसबच चिडलाय असं समजून तो नेहमीचं मलम चोळत राहिला. महाडला नेला तेव्हा त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "इसब कुणाला लागत नाही हो. उलट चिरलेल्या कातडीतून बाहेरचं दुखणं यांच्यात शिरतं. ओठावरच्या फोडांतले विषाणू असेच पसरलेत. मुंबईला न्या, लगेच."

दत्तारामचे डोळे सुजून मिटले होते. त्याने माझ्या दिशेने तोंड वळवलं. "म्हंजे तुला लागलं नसतं?"

"नाही रे."

त्याने हात पुढे केला. गाडी येईपर्यंत मी तो धरून बसलो होतो.

घरमालकीण म्हणते, त्याच्या वस्तू जाळून टाक. मी ऐकत नाही. खोली एकट्याला फार मोठी पडते. आंघोळ झाली की मी त्याच्याच टॉवेलने अंग पुसतो आणि तो पुन्हा खिडकीजवळ लावतो. माझा खिळा रिकामा असतो.