फोनोशी बारी

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांचा तो काळ. माणसं जमेपर्यंत बुधाजी बुवाला गायला उभं करायचे, आणि लाउडस्पीकर बंद पडला तरी त्याचा आवाज परळच्या नाक्यावर ऐकू जायचा. एरवी मिलमध्ये साच्यावर कापड विणायचा. शनिवारी संध्याकाळी चाळीत डबलबारी: समोर दुसरा बुवा, आणि दोघांनी भजनातून एकमेकांना टोमणे हाणायचे. त्यात बुधाजीचा हात धरणारा नव्हता.

मग शेजारच्या जयवंतानं चावीचा फोनो आणला.

बुधाजीच्या पोटात दुखायला लागलं ते तिथून. रेकॉर्ड लागली की सगळी चाळ जयवंताच्या दारात. "डबड्यात कोंडलेलं गाणं ते," बुधाजी म्हणायचा, "टोमणा मारून बघा, उलटून बोलतंय काय!" माणसं हसायची आणि परत तिथंच जाऊन बसायची.

तेही त्यानं गिळलं असतं. पण एका रविवारी त्या दारात त्याला शेवंती दिसली. त्याची बायको. भिंतीला पाठ टेकून, डोळे मिटून, गुडघ्यावर बोटानं ठेका धरून. आपल्या बारीला ते बोट हललेलं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. माणूस असता तर गचांडी धरली असती. लाकडाच्या पेटीची गचांडी कुठून आणायची?

घरात येताच तो भडकला. "थंय कित्याक बसतंस गो? घरात बुवा आसताना?"

शेवंती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या बारयेत माका काय ऐकूक येता? तुमी थंय कोकलतास, मी हंय मंडळीची चाय करतंय. कानात नुसतो इस्टवचो आवाज. जयवंताकडे माका कोण चाय सांगणा नाय."



पुढल्या शनिवारी बारीला बाजाची पेटी पुढ्यात घेताच त्यानं सांगून टाकलं, "आज चाय नाय." मंडळी कुरकुरली. समोरचा बुवा म्हणाला, "बुवांचं रॉकेल संपलं वाटतं!" एरवी बुधाजीनं त्याला सोलून काढला असता. आज त्याची नजर दाराकडं. शेवंती उंबऱ्यात बसली होती, रिकामे हात मांडीवर. मधल्या गजराला बोट हललं.

बारी उठल्यावर त्यानं विचारलंच, "फोनो बरो, काय मी?"

"तो मधलो गजर परत एकदा म्हणा बघूया."

"मी काय रेकॉर्ड आसंय?"

"नाय ता दिसताच," शेवंती म्हणाली. "जयवंत सांगल्याबरोबर लावता."

दातओठ खात बुधाजीनं पेटी परत पुढ्यात ओढली.